शीलाची परीक्षा बाजारात

मदिनेच्या बाजारातून जाताना पैगंबर मुहंमदांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले लागले. विक्रेत्याने पावसावर बोट ठेवले. मग ओला माल वर का ठेवला नाहीस, घेणाऱ्याला दिसला असता, असे पैगंबरांनी त्याला विचारले, आणि फसवणारा माणूस आपल्यातला नव्हे हे तिथेच स्पष्ट केले. हदीसचे, म्हणजे पैगंबरांविषयीच्या कथनांचे, नवव्या शतकातले संग्राहक इमाम मुस्लिम यांनी ही हकीकत आपल्या ग्रंथात घेतली. खरेदी-विक्रीचे नियम सांगणारा स्वतंत्र भाग त्या ग्रंथात आहे आणि ही हकीकत तिथे सहज बसली असती. पण ती येते ईमानाच्या, म्हणजे श्रद्धेच्या प्रकरणात. अल्ला एक आहे, प्रेषित खरे आहेत, मरणानंतर हिशेब द्यायचा आहे, याची चर्चा जिथे चालते तिथेच हा ओल्या धान्याचा ढीगही आहे. प्रेषितांच्या परंपरेतील शील आणि सद्गुण यांविषयी मला जे म्हणायचे आहे, ते या मांडणीत आधीच आलेले आहे. श्रद्धा खरी की खोटी, याचा निकाल या परंपरेत माणसाच्या वागण्यावर लागतो. आणि हे वागणे बहुतेक वेळा मशिदीबाहेरचे असते. ते मापाशी दिसते, शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी दिसते, मजुराच्या हिशेबाच्या वेळी दिसते.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे समजायला अरबस्तानात जावे लागत नाही. सांगलीत हळदीचा सौदा होतो तेव्हा खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतो, पोत्याच्या पोटातला नमुना काढतो, ओलावा किती ते बोटांनी चाचपतो. वरचा थर आणि आतला माल यांतला फरक हा तिथला रोजचा प्रश्न आहे. हरिपूरच्या पेवांत हळद दीर्घकाळ जमिनीखाली साठवली जात असे. तोंड लिंपलेल्या पेवातला माल कुणाला दिसत नसे, तरी त्याच्या भरवशावर व्यवहार होत. कारण ज्याच्या हवाली माल केला त्याच्या शब्दाला किंमत होती. या दोन जिल्ह्यांतल्या मुसलमानांची आडनावे नुसती वाचत गेले तरी बाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. अत्तार, बागवान, तांबोळी, शिकलगार, पिंजारी, मोमीन ही सगळी धंद्यांशी जोडलेली नावे आहेत. मुलाणी तर गावगाड्यातला हक्कदार. जत्रेचे बकरे त्याच्या सुरीशिवाय पडत नसे आणि सुगीला खळ्यावर त्याचा वाटा निघत असे. पान, फळ, सुरीची धार, गादीचा कापूस घेऊन दारोदार जाणाऱ्या आणि कुणबी गिऱ्हाइकाच्या विश्वासावर पोट असलेल्या या माणसांचा धर्म लोकांनी कशावरून ओळखला असेल? त्यांच्या नमाजातली अरबी गावात कुणालाच समजत नव्हती. तराजू मात्र सगळ्यांना समजत होता.

म्हणून या परंपरेतल्या सद्गुणांची नुसती यादी करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. सचोटी, दया, क्षमा, संयम, लज्जा, औदार्य ही नावे जगातल्या प्रत्येक धर्मपरंपरेत सापडतात. हे गुण मोजायचे कुठे, याबद्दलचा तिचा आग्रह अधिक विचार करण्यासारखा आहे. दिवाळखोर कोण, असे पैगंबरांनी एकदा सोबत्यांना विचारले. ज्याच्याकडे पैसा-अडका नाही तो, असे उत्तर आले. त्यावर त्यांनी वेगळाच माणूस उभा केला. तो शेवटच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात यांची मोठी जमा घेऊन येतो. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असते, कुणावर आळ घेतलेला असतो, कुणाचा पैसा खाल्लेला असतो, कुणाला मारलेले असते. एकेक घेणेकरी पुढे येतो, त्याच्या पुण्यातून आपली भरपाई घेतो, आणि पुण्य संपल्यावर घेणेकऱ्यांची पापे त्याच्या माथी येतात. रात्र-रात्र प्रार्थना करणारी, पण जिभेने शेजाऱ्यांना जेरीस आणणारी एक बाई होती; तिच्याविषयीचा त्यांचा अभिप्रायही असाच कठोर होता. इथे उपासनेला कमी लेखलेले नाही. दुसऱ्या माणसाचे देणे उपासनेतून फिटत नाही, एवढाच मुद्दा आहे आणि तो दोन्ही ठिकाणी जराही ढिला पडत नाही.

आता पहिला आक्षेप घेतो, कारण तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. हे सद्गुण आपसातले आहेत, मुसलमानाने मुसलमानाशी कसे वागावे एवढ्यापुरते आहेत, असे म्हटले जाते. या आक्षेपाला आधार नाही असे नाही. खरा मुसलमान तोच, ज्याच्या जिभेपासून आणि हातापासून इतर मुसलमान सुरक्षित असतात, या अर्थाचे प्रसिद्ध कथन आहेच. पण तिर्मिझी आणि नसाई यांच्या संग्रहांत त्याला जोडून आणखी एक वाक्य येते. त्यात श्रद्धावानाची ओळख अशी दिली आहे की, सगळ्या लोकांना त्याच्याकडून आपल्या जिवाची आणि मालमत्तेची धास्ती नसते. शिवाय पैगंबरांच्या चरित्रातले प्रसंग आहेत. प्रेषितत्वाच्या आधी, तरुणपणी, ते मक्केतल्या एका करारात सामील झाले होते. येमेनकडून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या बड्या माणसाने घेतला आणि पैसे बुडवले; तेव्हा काही कुळांनी एकत्र येऊन, अन्याय झालेल्याच्या बाजूने उभे राहण्याची शपथ घेतली. शपथ घेणारे बाकीचे सगळे मूर्तिपूजक होते. पुढे मदिनेत पैगंबर या कराराची आठवण अभिमानाने काढत आणि आजही कुणी त्यासाठी हाक दिली तर मी जाईन, असे सांगत. इ.स. ६२२ मध्ये मक्का सोडण्याच्या रात्रीची हकीकत तर याहून बोलकी आहे. मक्केचे लोक त्यांच्या जिवावर उठले होते आणि त्यांच्यापैकीच अनेकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. ज्याच्या त्याला ठेवी परत करण्यासाठी त्यांनी आपले चुलतभाऊ हजरत अलींना मागे ठेवले. मारायला टपलेल्या माणसाचेही देणे बुडवायचे नाही, हा या प्रसंगाचा अर्थ आहे, आणि त्यातून आपसातल्यापुरता धर्म निघत नाही.

शेजाऱ्याच्या बाबतीतही तेच. पैगंबरांचे सोबती अब्दुल्ला इब्न अम्र यांच्या घरी बकरे कापले गेले तेव्हा, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का, असे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेजाऱ्याच्या हक्काविषयी पैगंबरांनी इतके सांगितले होते की, आता शेजारी वारसदार ठरतो की काय असे वाटावे. आपल्याकडे वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणेशोत्सवातली मूर्ती चार दशकांहून अधिक काळ मशिदीत बसते. पावसात मूर्ती भिजते आहे हे पाहून मुसलमान शेजाऱ्यांनीच ती आत आणायला सांगितली, अशी या प्रथेची सुरुवात तिथे सांगितली जाते. बकरी ईद आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा तिथल्या मुसलमानांनी कुर्बानी केली नाही. मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात मूर्ती बसवणे शास्त्राला धरून आहे का, असे विचारणारे आलिम, म्हणजे धर्मपंडित, भेटतील, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. ज्याला शास्त्र काटेकोर पाळायचे आहे तो गोटखिंडीला आदर्श म्हणणार नाही. मी फक्त एवढेच म्हणतो की, पावसात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला आत बोलावण्यामागची वृत्ती या परंपरेला परकी नाही. नजरानहून आलेल्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला मदिनेच्या मशिदीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिल्याची नोंद इब्न इसहाकच्या चरित्रग्रंथात आहे. ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी पक्की नाही असे मानणारे अभ्यासक आहेत. पण शतकानुशतके मुसलमान विद्वानांनी ती सांगितली आहे, दडवलेली नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचा उरूस, तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणारा संगीत महोत्सव, कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत, यांना प्रेषितांच्या परंपरेत जागा नाही. तेव्हा इथल्या लोकजीवनाचा दाखला सद्गुणांच्या चर्चेत कशाला, असे सुधारणावादी मुसलमान विचारतात. कर्मकांडापुरता त्यांचा मुद्दा ग्राह्य धरला तरी एक गोष्ट उरते. मिरजेच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. ज्या समाजाला गावातल्या देवळाच्या पायरीपासून लांब ठेवले गेले, त्याच्या हातची चादर एका सुफीच्या समाधीवर मानाने चढते. दुसरीकडे पैगंबरांचे सोबती अबू जर यांचा हदीसमधला प्रसंग आहे. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. आई काळी गुलाम होती आणि तो माणूस म्हणजे पैगंबरांचेच दुसरे सोबती बिलाल, अशी मुस्लिम परंपरेतली समजूत आहे. अजून तुझ्यात इस्लामपूर्व अज्ञानकाळाचा अंश उरला आहे, अशा अर्थाचे पैगंबरांचे बोल अबू जर यांना आयुष्यभर पुरले. मिरजेचा गलेफ ग्रंथात लिहिलेला नाही आणि तो ग्रंथातून निघालाही नसेल. पण जन्मावरून माणूस हिणवायचा नाही, हा विचार ज्या समाजात मशिदीत सांगितला जातो पण लग्न जमवताना विसरला जातो, तिथे दर्ग्यात टिकलेला एखादा जुना मान प्रवचनाहून जास्त शिकवतो. बागवान-मोमीन, अत्तार-पिंजारी असे भेद आपल्याकडच्या मुसलमानांतही आहेत. त्यांच्याकडे डोळेझाक करून अबू जरचा प्रसंग सांगणे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो सगळ्यात गंभीर आहे. पैगंबरांचे निधन इ.स. ६३२ मध्ये झाले. आज उपलब्ध असलेल्या संग्रहांपैकी इमाम मालिक यांचा ग्रंथ आठव्या शतकातला, तर बुखारी, मुस्लिम, तिर्मिझी यांचे नवव्या शतकातले. मधल्या काळात कथने तोंडी आणि खाजगी टिपणांतून चालत आली; मग त्यांवर विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न पहिल्यांदा मुसलमान विद्वानांनीच विचारला. कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी तपासणे, निवेदकांची स्मरणशक्ती आणि सचोटी पारखणे, त्यांच्या चरित्रांचे कोश करणे, एवढी मोठी विद्या त्यातून उभी राहिली. पण खुद्द याच विद्येत एक सवलत होती आणि तिने नुकसान केले. हलाल-हरामाच्या नियमांसाठी साखळी कडक तपासायची, सद्गुणांना उत्तेजन देणारे कथन असेल तर थोडी ढिलाई चालेल, असे अनेकांनी मानले. त्यामुळे नेमक्या याच विषयात कच्ची कथने फार शिरली. पैगंबरांच्या वाटेवर रोज कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपल्याकडे शाळेच्या भाषणांपासून सर्वधर्म सभांपर्यंत सगळीकडे सांगितली जाते. ती कुठल्याही प्रमाणभूत संग्रहात नाही. ती सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे. पण ओला माल वर ठेवायला सांगणाऱ्या माणसाची थोरवी पटवण्यासाठी कच्चा माल वापरायचा, हे त्याच्या शिकवणीशी विसंगत आहे. गोष्ट गोड आहे म्हणून ती घ्यायची नाही, एवढी शिस्त या विषयावर लिहिणाऱ्याने पाळायलाच हवी.

चौथा आक्षेप चरित्रातल्या लढायांचा आणि समाजातल्या बायकांच्या हालांचा आहे. इ.स. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर वैऱ्यांना सरसकट माफी दिल्याचे सगळे सांगतात. त्याच्या तीन वर्षे आधी बनू कुरैझा या यहुदी टोळीतल्या पुरुषांना झालेल्या देहदंडाबद्दल कमी बोलले जाते. दोन्ही हकीकती एकाच परंपरेतल्या जुन्या ग्रंथांत आहेत. युद्ध, तह आणि फितुरी यांच्या संदर्भात इतिहासकार त्यांचा विचार करतात आणि तो करायलाच हवा. सद्गुणांचे पुस्तक लिहून ते प्रश्न मिटत नाहीत. बायकांबद्दलचा आक्षेप मात्र आपल्या घरातला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांविरुद्धची ती मागणी होती. चार वर्षांनी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्या काळात बायकोशी चांगले वागणारा तोच सर्वांत चांगला, या अर्थाची कथने मशिदीत सांगितली जात नव्हती का? जात होती. एका दमात तीन तलाक दिल्याचे कळल्यावर पैगंबर संतापून उभे राहिले, अशी हकीकत नसाईंच्या संग्रहात आहे. तरीही बहुतेक फिक्हशास्त्रींनी, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडितांनी, तसा तलाक पाप ठरवला आणि लागूही ठरवला. पाप सांगून मोकळे झाले. बाई मात्र रस्त्यावर आली. दलवाईंनी हदीसचा आधार मागितला नाही, नागरिक म्हणून समान हक्क मागितला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तलाकपद्धत रद्द केली. इथे मी आक्षेप मान्य करतो. सद्गुणांची शिकवण कायद्याची जागा घेऊ शकत नाही, आणि जिथे ती कायद्याला अडवण्यासाठी पुढे केली गेली तिथे तिने आपलेच तोंड काळे केले. पण कायदा झाल्यावरही नवरा-बायको एका घरात राहतात. दहा वर्षे सेवेत असलेल्या अनस यांना जे कधी टाकून बोलले नाहीत, जे घरात स्वतःचे कपडे शिवत, त्या पैगंबरांची चाल त्या घरात लागू करायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागत नाही.

मराठी मनाने ही परंपरा पूर्वी कशी वाचली, हेही पाहण्यासारखे आहे. खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव. शिक्षण थांबलेल्या लहानग्या जोतीला पुन्हा शाळेत घालावे म्हणून वडिलांना समजावणाऱ्यांत गफार बेग मुन्शी हे मुसलमान शिक्षक होते. पुढे जोतीरावांनी पैगंबरांवर एक पद्य लिहिले आणि त्यांना मानव म्हणून गौरवले. त्यांना भावली ती गुलामाला आणि मालकाला एका पंगतीत बसवणारी समता. साताऱ्याच्याच वाईत, प्राज्ञपाठशाळेत, तरुण विनोबांनी १९१७ च्या सुमारास शास्त्राध्ययन केले. हेच विनोबा पुढे अरबी शिकून वर्षानुवर्षे कुराण वाचत राहिले, आणि त्यांनी निवडक आयती विषयवार लावून सार काढले. एकाने सामाजिक न्यायाच्या ओढीने वाचले, दुसऱ्याने साधनेच्या ओढीने. दोघेही मुसलमान नव्हते आणि दोघांनाही त्यात आधी चारित्र्य दिसले. इथे अश्रद्ध वाचक विचारू शकतो की, मग श्रद्धा हवीच कशाला? माझ्या मते ज्याला हवी त्याला ती बळ देते. पण ओल्या धान्याचा न्याय समजायला ती पूर्वअट नाही, हे फुल्यांच्या पद्यावरून दिसतेच.

याच खटाव तालुक्यात, पुसेसावळीत, सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला, मशिदीवर हल्ला झाला आणि एक तरुण जिवाला मुकला. त्याआधी २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून मिरज पेटली आणि झळ सांगलीपर्यंत पोहोचली. दोन्ही घटनांत सुरुवात भावना दुखावण्यापासून झाली. म्हणून आज या जिल्ह्यांत प्रेषितांच्या सद्गुणांपैकी कशावर आधी बोलावे असे विचारले तर मी राग आवरण्यावर म्हणेन. मशिदीत एक रानातला अरब उठला आणि कोपऱ्यात लघवी करू लागला. सोबती धावून गेले. पैगंबरांनी त्यांना थांबवले, त्याला पुरते होऊ दिले, मग त्या जागी पाण्याची बादली ओतायला सांगितली. प्रार्थनास्थळाच्या विटंबनेवर त्यांचा उपाय एक बादली पाणी एवढा होता. यावर कुणी काब इब्न अल-अश्रफचे नाव घेईल. निंदाकाव्ये करणाऱ्या या कवीच्या वधाची हकीकतही बुखारींच्या संग्रहात आहे, हे खरे. पण मक्केशी चाललेल्या युद्धाच्या काळात, शत्रूशी संधान बांधल्याच्या आरोपावरून, मदिनेचे प्रमुख या नात्याने पैगंबरांनी घेतलेला तो निर्णय होता. चौकातल्या पोरांनी मोबाइलवरचा मजकूर वाचून तो दाखला स्वतःला लावून घ्यावा, अशी मुभा फिक्हची मुख्य परंपरा देत नाही. रोजच्या अपमानांच्या बाबतीत पैगंबरांचा शिरस्ता वेगळा होता. काही जण अभिवादनाच्या शब्दात मोडतोड करून त्यांना मरणाचा शाप देऊन गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी हजरत आयेशा भडकल्या. पैगंबरांनी त्यांनाच सबुरीने घ्यायला सांगितले. हिंदू तरुणांना त्यांच्या परंपरेतला असा आधार कोणी दाखवून द्यावा, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. मुसलमान तरुणांसाठी तसा आधार हदीसमध्ये तयार आहे.

अडचण आहे ती पोहोचण्याची. या दोन जिल्ह्यांतली बहुतेक मुसलमान मुले मराठी शाळेत शिकतात, मराठीत भांडतात, मराठीत हिशेब करतात. मशिदीतले बयान, म्हणजे प्रवचन, मात्र अजून बहुधा उर्दूत होते आणि शुक्रवारचा खुत्बा अरबीत. उर्दूचा कान असला तरी ती वाचता येतेच असे नाही. घरातल्या बायकांपर्यंत तर तेही पोहोचत नाही. मग उरते ते मोबाइलवर फिरणारे, साखळी नसलेले, कोणी कोणाला सांगितले याचा पत्ता नसलेले. शेजारच्या हिंदू वाचकाचीही हीच स्थिती आहे. त्याच्यापर्यंत पोहोचणारे तर बहुतेक वेळा शत्रुबुद्धीने निवडलेले असते. या दोघांना एकाच मराठीत, एकाच पानावर, ग्रंथाचे नाव आणि कथनाचा दर्जा सांगून ही कथने वाचायला मिळावीत, हे काम करण्यासारखे आहे. त्यात दुर्बल कथन असेल तर ते दुर्बल आहे असे छापावे, अवघड प्रसंग गाळू नयेत, आणि सुरुवात तत्त्वज्ञानापासून न करता मजुरीपासून करावी: घाम वाळायच्या आत कामगाराचे पैसे द्यावेत या अर्थाच्या कथनापासून. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला, यार्डात पोती उचलणाऱ्या हमालाला आणि त्याला पगार देणाऱ्या मालकाला, मग तो बागवान असो की पाटील, ते पान समजावून सांगावे लागणार नाही.